खोलीचं मिनिट

"किल्ली फ्रिजात कशाला ठेवतेस गं? गारठवून कुणाचं कुलूप उघडणारेस?"

"आई, चोवीस वर्षं झाली मला हे करताना. फ्रिजची घरघर माइकमध्ये येते, म्हणून तो बंद करायचा. बंद केला की माझी किल्ली आत टाकायची. किल्लीशिवाय मला घरी जाता येत नाही, आणि किल्ली काढायला गेलं की फ्रिज चालू करायचं आठवतं. नाहीतर लोकांचं दूध नासतं आणि शिव्या मला बसतात."

"मग पंखा बंद केलास, त्यावर काय ठेवलंस?"

"तुझ्या भावाला ठेवणार होते. पण तो उकाड्यानं आधीच वितळलाय."

सोफ्यावर बसलेला मामा हसला. आई हसली नाही, पण तिनं पदर सारखा केला. पदराच्या काठाला लेकीनं टोचलेला बोंडाएवढा माइक होता आणि त्याला हात लावायचा नाही असं तिला तीनदा बजावलं होतं. लेक गुडघ्यावर बसली, रेकॉर्डर मांडीवर घेतला, हेडफोन कानावर चढवले.

"बोल. सकाळी काय खाल्लंस?"

"तुला माहीत नाही?"

"मला आहे. मशीनला नाही. आवाज किती ठेवायचा ते बघायचंय."

कुठलीही मुलाखत असो, तिचा पहिला प्रश्न हाच. मंत्री असो नाहीतर हमाल, सकाळी काय खाल्लं हे सांगताना माणूस आपल्या खऱ्या आवाजात बोलतो. मग कॅमेरा सुरू झाला की त्याच्या गळ्यात दुसराच कुणी येऊन बसतो.

कामावरचे लोक तिला आवाजवाली म्हणायचे. पंचेचाळिशीची, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. माइकची लांब काठी डोक्यावर धरून धरून तो तसा झालेला. शाळा सुटल्यावर ती फोटो स्टुडिओत कॅसेटींवर चिठ्ठ्या चिकटवायची. एकदा आवाज घेणारा माणूस तापानं पडला, म्हणून हिच्या हातात काठी दिली, ती काठी अजून सुटली नाही. ज्या म्हाताऱ्यानं तिला धंदा शिकवला त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आपण भांडं. पाणी लोकांचं. भांड्यानं पाणी प्यायचं नसतं आणि सांडायचंही नसतं." तेव्हापासून तिनं एकही आवाज पुसला नव्हता. शिंकसुद्धा नाही.

नवरा जहाजावर असायचा. वर्षातून दोन महिने घरी यायचा आणि म्हणायचा, हिच्यासमोर खोटं बोलायची सोय नाही, श्वासावरून ओळखते. ते खरंच होतं. जिन्यावर कोण चढतंय ते ती पावलावरून सांगायची. चार मजल्यांच्या या इमारतीत सात भाषा बोलल्या जायच्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईतून पळून आलेले, त्यानंतरच्या दुष्काळातून आलेले, कामाच्या शोधात आलेले, सगळे एकाच नळावर भांडायचे. नुसत्या भांडणाच्या चालीवरून कुठला मजला पेटलाय ते तिला कळायचं.

म्हणून तर डायरेक्टरनं तिला घेतलं होतं. माहितीपट याच इमारतीवर होता, आणि त्याचा कणा होती समोरच्या खोलीतली ताई.

ताई पडदे शिवायची. पंचावन्न वर्षांची, एकटी. आईच्या आणि तिच्या दारामध्ये गॅलरीची सव्वा हात जागा. लढाईत हद्द ओलांडताना ती पाच वर्षांची होती. तिची आई आधीच गेलेली, बरोबर फक्त वडील. अकरा माणसं एका ट्रकमध्ये पोत्यांच्या मागं लपून निघाली. नाक्यावर सैनिकांनी ताईच्या वडिलांना उतरवून नेलं. पोर ट्रकमध्येच राहिली, आणि आवाजवालीच्या आईनं, म्हणजे तेव्हाच्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं, तिला आपल्या लुगड्यात गुंडाळून इकडं आणलं, वाढवलं, शिवण शिकवलं. पुढं आई इस्पितळाच्या चादरी धुवायला जायची तेव्हा याच ताईनं आवाजवालीला शिलाई मशीनखाली निजवून सांभाळलं. ताई आईला काकी म्हणायची, आणि हिला बारकी.

ही हकीगत इमारतीत सगळ्यांना पाठ होती. दरवर्षी ताई लढाईत हरवलेल्यांच्या कचेरीत जायची, वडिलांचा फोटो आणि अर्ज द्यायची, आणि 'तपास चालू' असा शिक्का घेऊन यायची. अशा शिक्क्यांचे सत्तेचाळीस कागद तिच्याकडं होते. यंदा पलीकडच्या सैन्याच्या जुन्या छावणीतल्या कैद्यांच्या वह्या पाहायला खुल्या झाल्या होत्या. येत्या मंगळवारी ताई हद्दीपलीकडं जाणार होती, आणि मागोमाग कॅमेरा.

आज सकाळी आई आणि मामाची मुलाखत, दुपारी दोनला ताईची. बस्स, एवढंच काम होतं.

सकाळची मुलाखत दीड तास चालली. आईनं सगळं सांगितलं: अंधार, पोत्यांचा वास, नाक्यावरची बॅटरी, सैनिकाचे बूट. मामा तेव्हा बारा वर्षांचा होता, तो मधूनमधून "हो, हो" करत होता. आवाजवालीनं हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं वाक्य कुठं श्वास घेणार ते तिला माहीत होतं. डायरेक्टर खूश झाला. "कट," म्हणाला आणि फोन वाजला म्हणून जिन्याकडं गेला. कॅमेरावाला कॅमेरा उचलून गॅलरीत निघाला.

"थांबा, खोलीचं मिनिट राहिलंय," आवाजवाली म्हणाली.

"घे तू. आम्ही बाहेरच उभे राहतो. माझं पोट वाजतंय, ते तुझ्या फिल्ममध्ये नको."

खोलीचं मिनिट म्हणजे कुणीही न बोलता घेतलेला खोलीचा आवाज. प्रत्येक खोली वेगळी गप्प बसते. पुढं कापाकापी करताना बोलण्यात भोक पडलं की तिथं त्याच खोलीची शांतता भरावी लागते. ताईला हे एकदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "कळलं. ठिगळ लावायचं तर त्याच कापडाचं."

"आई, मामा, एक मिनिट कुणी बोलायचं नाही. हलायचं नाही." तिनं बटण दाबलं आणि नजर रेकॉर्डरच्या आकड्यांवर लावली. मान खाली, कानावर दोन काळे गोळे.

पाच सेकंद. दहा.

आणि मग मामाचा आवाज आला. ओठ न हलवता बोलतात तसा.

"सुटलो बुवा. खोकल्याचं काही निघालं नाही."

"गप. ती इथंच बसलीय."

"तिच्या कानात बोळे आहेत. तिला काय ऐकू येतंय?"

ही त्या दोघांची जुनी समजूत होती. घरी लेक हेडफोन लावून काम करायची तेव्हा आई दहा हाका मारायची आणि एकीलाही ओ मिळायची नाही. म्हणजे हेडफोन लावले की माणूस बहिरा. तेव्हा हेडफोनमध्ये भलतंच काही वाजत असायचं, आणि आज त्यात आईच्याच पदराचा माइक आहे, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

"मंगळवारी पोर छावणीत जाणार," आई पुटपुटली. "वह्या चाळणार. तिथं कुठला तिचा बाप? सैनिकांनी त्याला पाहिलासुद्धा नाही. आपणच नाक्याच्या अलीकडं उतरवला."

"पन्नास वर्षं झाकलंय ना? आता कशाला उकरतेस."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"तुझं कोंबडं आरवणार नाही. मी सांगतो."

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

आवाजवालीनं मान वर केली नाही. करता आलीच नाही. हातातल्या मशीनवर हिरवी रेघ उड्या मारत होती, आईच्या बोलण्यासरशी थोडी, मामाच्या बोलण्यासरशी जास्त. उरलेली वीस सेकंदं दोघं गप्प होती. तिनं पुरी साठ भरू दिली.

"झालं," म्हणाली.

गॅलरीत डायरेक्टर परत आला होता. त्याच्या कमरेला एक डबी असायची, मुलाखत ऐकायला, आणि तिची वायर एका कानात. आता ती वायर खांद्यावरून लोंबत होती. मिनिटभरापूर्वी ती कानात होती की नाही, हे तिला कळेना.

"म्हातारे शेवटी काय कुजबुजत होते?" त्यानं विचारलं. "जिन्यात होतो, खरखर येत होती. शब्द लागले नाहीत."

"म्हातारी माणसं. गप्प बसवत नाही त्यांना."

"असू दे, असलंच कधी कधी कामाला येतं. कार्ड दे, जेवणाच्या सुट्टीत उतरवून घेतो."

"दोन वाजता देते. आवाजांना नावं घालायची राहिलीत."

तिच्या चोवीस वर्षांत नावं घालायची कधी राहिली नव्हती. डायरेक्टरनं तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाला, "दोनला. नक्की." आणि कॅमेरावाल्याला घेऊन खाली जेवायला गेला. मामाही त्यांच्या मागं निघाला. फुकटच्या जेवणाला नाही म्हणायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती.

आवाजवाली खोलीत परतली, दार लावलं. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आई, हेडफोन घाल."

"मला कशाला? माझे कान चांगले आहेत."

"घाल म्हणते ना."

आईनं घातले. लेकीनं मिनिट सुरुवातीपासून लावलं. आईचा चेहरा आधी नुसता नवलाचा होता, आपलाच आवाज इतका जवळून ऐकल्याचा. मग तिनं दोन्ही हातांनी ते गोळे उपटून मांडीवर टाकले.

"तुला ऐकू येत होतं?"

"तुमच्यापेक्षा जास्त. भिंतीमागच्या नळाचं टिपकणंपण येतं मला."

बाहेर समोरच्या दारामागं ताईचं मशीन चाललं होतं, लांब सरळ शिवण, पडद्याची.

"कसं उतरवलं?" लेकीनं विचारलं.

"नाक्याच्या कोसभर अलीकडं ड्रायव्हरनं गाडी थांबवली. म्हणाला, एक खोकला आला की अकराच्या अकरा जाणार. खोकणारा गप्प करा नाहीतर उतरवा. त्याला खोकला होता, छातीतला. तोंडात कापड कोंबून बसला होता, तरी येत होता."

"मग कुणी उतरा म्हणालं?"

"कुणीच नाही. कुणाची छाती होती? सगळे पोत्यांकडं बघत बसले." आईनं पदरावरचा माइक चाचपला. "हा चालू आहे का?"

"नाही."

"मी म्हणाले. पण 'उतरा' नाही म्हणाले. पोर त्याच्या मांडीवर झोपली होती. मी हात पुढं केले, आणि म्हणाले, पोरीला माझ्याकडं द्या. एवढंच. तो समजला. पोर दिली, तिच्या अंगावर आपली शाल घातली आणि मागून उतरला. गाडी वळेपर्यंत खोकला ऐकू येत होता. मोकळा खोकत होता आता."

आवाजवाली माणसाचं खोटं श्वासावरून ओळखायची. पण ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती आणि कधी काही खटकलं नव्हतं. आईनं सैनिकाचे बूट इतकी वर्षं घासले होते की ते खरे वाजायला लागले होते.

"सैनिकांनी नेलं म्हटलं की तो मोठा होतो," आई म्हणाली. "आम्ही उतरवलं म्हटलं की आम्ही कोण होतो? आणि लहान पोरीला काय सांगायचं होतं? पुढं मोठी झाली तेव्हा काकी काकी करायला लागली होती."

"सत्तेचाळीस वेळा कचेरीत गेली ती. तू डबा करून द्यायचीस."

"द्यायचे."

"मंगळवारी ती कैद्यांच्या वहीत त्याचं नाव शोधणार. नसलेलं. आणि ते शोधताना तिच्या तोंडावर कॅमेरा असणार."

"पुसून टाक ना ते," आई एकदम खालच्या आवाजात म्हणाली. "एक मिनिट तर आहे. मामा बोलणार नाही. मी किती दिवसांची? मी गेल्यावर कुणाला काय."

पुसायला बटण होतं. आवाजवालीनं ते मिनिट यादीत शोधलं. त्याच्या शेजारी नुसता आकडा होता. तिनं बटण दाबलं. मशीननं विचारलं, नक्की पुसायचं? हो की नाही. अंगठा 'हो'वर होता. समोरच्या खोलीतलं मशीन शिवण संपवून थांबलं, ताईनं दोरा तोडला, पुन्हा सुरू केलं. अंगठा तिथंच. चोवीस वर्षांत हा प्रश्न तिनं पहिल्यांदाच वाचला होता.

तिनं 'नाही' दाबलं.

"दोन वाजता कार्ड जातं," ती म्हणाली. "मी ते मिनिट ठेवून घेईन. डायरेक्टरला देणार नाही. तुम्ही ते कॅमेऱ्यासाठी बोलला नव्हता. पण मी ते ऐकलंय, आणि दुपारी मला ताईच्या गळ्याशी हात नेऊन माइक लावायचाय. ती विचारेल, बारके, तुझे हात का कापतायत. तिला खोटं मी सांगणार नाही. तू सांगितलंस तर तू सांगितलंस. नाहीतर मी."

"स्वतःच्या आईला धमकी देतेस?"

"हो."

आईनं तिच्याकडं बघितलं. ज्या बाईनं तीस वर्षं इस्पितळाच्या रक्ताच्या चादरी धुतल्या तिला रडायची सवय नव्हती. ती उठली, माइक स्वतःच काढून लेकीच्या हातात दिला. मग कपाटाच्या तळातून एक घडी बाहेर काढली. तपकिरी शाल, एका कोपऱ्याला कसरीनं खाल्लेली. आवाजवालीनं ती आजवर कधी पाहिली नव्हती.

"हे तू ठेवलंस?"

"टाकणार कशी?" आई म्हणाली आणि सव्वा हाताची गॅलरी ओलांडून समोरच्या दारात गेली.

आवाजवाली बाहेर पायरीवर बसली. हेडफोन गळ्यात, रेकॉर्डर बंद. एक वाजून पंचवीस. बंद दारामागचं ऐकायला तिला यंत्र लागलं नसतं, पण तिनं खालच्या नळावरच्या भांडणाकडं कान दिला. बादलीचा वाद होता. तरी एक आवाज तिनं टाळूनही आलाच: ताईचं मशीन मध्येच थांबलं. शिवण संपल्यावर थांबतं तसं नाही. सुईखाली काही अडकल्यावर थांबतं तसं.

नंतर बराच वेळ काही नाही. मग खुर्ची सरकली. मग पुन्हा काही नाही. एक चाळीस. एक पंचेचाळीस. एकदा वाटलं आत कुणी पडलं, ती अर्धी उठली, आणि कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला म्हणून पुन्हा बसली.

एक बावन्नला आई बाहेर आली. रिकाम्या हातानं. पायरीवर लेकीच्या शेजारी न बसता एक पायरी खाली बसली.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, रस्त्याला झाड होतं का. मी म्हणाले, आठवत नाही. तर म्हणाली, आठव."

दोनला जिन्यावर पावलं वाजली. पुढं डायरेक्टर, मागं कॅमेरावाला दात कोरत, शेवटी मामा, जेवून जड झालेला. बहिणीला पायरीवर बसलेली पाहून मामाचं तोंड उतरलं. कुणी सांगायची गरज पडली नाही.

"कार्ड," डायरेक्टर म्हणाला.

तिनं दिलं. "सगळं आहे. खोलीचं मिनिट तेवढं नाही, ते मी वेगळं काढलंय. खोलीचं पुन्हा घेईन."

"म्हणजे त्यात काहीतरी आहे."

"आहे."

"फिल्म माझी आहे, बाई."

"फिल्म तुमची. बोललेलं ज्यांचं त्यांचं. आई, मामा आणि ताई, तिघं हो म्हणाले तर सोन्याच्या ताटात आणून देईन. नाही म्हणाले तर उद्यापासून दुसरी आवाजवाली बघा."

डायरेक्टर लाल झाला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात समोरचं दार उघडलं. ताई उंबऱ्यात उभी होती. गळ्यात माप घ्यायची फीत, खांद्यावर ती शाल. डोळे कोरडे होते, पण चेहरा असा, की कापड चुकीचं कापलं गेलंय आणि गिऱ्हाईक दारात आहे.

"मंगळवारी छावणीत जायचं नाही," ती डायरेक्टरला म्हणाली. "नाक्याच्या कोसभर अलीकडं जायचं. तिथं वस्ती असेल, नसेल. एखादा म्हातारा असेल ज्याला खोकणारा माणूस आठवत असेल. तिथं विचारायचं. जमत असेल तर चला, नाहीतर मी एकटी जाते."

"कुठला खोकणारा? काय झालं?"

"सांगते. तेच तर सांगायचंय. आत या, चपला बाहेर काढा, माझं कापड पसरलंय." मग तिनं पायरीकडं बघितलं. आई तिच्याकडं बघत नव्हती. "बारके, काकीला म्हणावं आत येऊन बस."

"तूच सांग ना तिला."

"मी आज तिच्याशी बोलणार नाही. उद्याचं उद्या बघू. तिला म्हणावं, कॅमेऱ्याच्या मागं बस, खुर्ची देते. मला तेव्हाचं काही आठवत नाही, मी झोपलेली होते. मी कुठं चुकले तर तिनं खोकायचं."

मामानं मान खाली घातली. आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी, आणि ताईच्या अंगाला न लागता उंबऱ्यातून आत गेली.

आवाजवालीनं पिशवी उचलली. ताईच्या खोलीत फ्रिज छोटा होता आणि नेहमी ओरडायचा. तिनं त्याचा प्लग काढला, आईच्या फ्रिजमधून काढून आणलेली गार किल्ली आत दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. खिडकी लावली. मशीनवरचा अर्धा पडदा बाजूला केला. ताईच्या गळ्याशी वाकून शालीच्या आतून वायर घेतली आणि बोंडाएवढा माइक लावला. हात कापत होते. ताईनं ते पाहिलं आणि हनुवटी जरा वर धरली, म्हणजे लावायला सोपं जावं.

हेडफोन चढवले. आकडे बघितले.

"बोल ताई. सकाळी काय खाल्लंस?"

"सकाळचं आठवत नाही आता."

"मग कालचं सांग," आवाजवाली म्हणाली आणि ताईचा आवाज थोडा वाढवला.